‘डँगल’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थेतिहास आणि आश्रितपणाची कल्पना

गोषवारा

इंग्रजीतील ‘डँगल’ हे क्रियापद सैलपणे लोंबणे, लोंबकळणे या अर्थाने रोजच्या व्यवहारात वापरले जाते. लेखी इंग्रजीत ते सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रथम आढळते आणि अवघ्या पंचवीस वर्षांच्या आत वस्तूचे लोंबणे, माणसाचे दुसऱ्याच्या मागेपुढे घुटमळणे व दुसऱ्यापुढे काही लोंबते धरणे हे तिन्ही अर्थ त्याला प्राप्त होतात. प्रस्तुत निबंधात या शब्दाची व्युत्पत्ती, त्याविषयीच्या मतांतील बदल आणि त्याच्या सामाजिक अर्थाचा विकास यांचा विचार केला आहे. एकाच ‘लोंबण्या’साठी इंग्रजीने लॅटिन शब्द कायद्याला व राज्यकारभाराला दिले आणि उत्तरेकडून आलेला ‘डँगल’ उपहासाला दिला. ही वाटणी इंग्लंडमधील आश्रयदाता-आश्रित संबंधांच्या इतिहासावर प्रकाश टाकते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : व्युत्पत्ती, अर्थविस्तार, शब्दकोश, आश्रयपद्धती, स्कँडिनेव्हियन प्रभाव

प्रस्तावना

शब्दकोश हे सामान्यतः अर्थ पाहण्याचे साधन मानले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो एक दस्तऐवजही असतो. कोणता अर्थ केव्हा नोंदला गेला, कोणत्या अर्थाला प्रतिष्ठा मिळाली आणि कोणता अर्थ टिंगलीपुरता उरला, या गोष्टींतून त्या त्या काळातील समाजाची घडण दिसते. मोठ्या संकल्पनांच्या शब्दांचा असा अभ्यास पुष्कळ झाला आहे. ‘स्वातंत्र्य’, ‘राष्ट्र’, ‘वर्ग’ यांसारख्या शब्दांवर स्वतंत्र लेखन उपलब्ध आहे. त्या मानाने साध्या क्रियापदांकडे दुर्लक्ष होते. वास्तविक ज्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत अशा लोकांच्या तोंडी घडलेले शब्द बहुधा क्रियापदांतच सापडतात. ‘डँगल’ हे असेच एक क्रियापद आहे.

मराठीत या शब्दाचा आशय ‘लोंबणे’पेक्षा ‘लोंबकळणे’ने अधिक नेमका व्यक्त होतो. वरचे टोक कोठेतरी अडकलेले, खालचे टोक मोकळे आणि वाऱ्याने वा धक्क्याने हेलकावे खाणारे, अशी ही स्थिती आहे. आधार आहे, पण तो आपल्या हाती नाही. हालचाल आहे, पण ती आपल्या इच्छेची नाही. शब्दाचे पुढील सर्व अर्थ या मूळ चित्रातूनच निघाले आहेत.

व्युत्पत्ती : अनुमानाकडून नियमाकडे

या शब्दाचा उगम शोधण्याचा एक जुना प्रयत्न स्टीफन स्किनर या वैद्याने केला. त्याचा इंग्रजी व्युत्पत्तिकोश त्याच्या मृत्यूनंतर इ.स. १६७१ मध्ये प्रसिद्ध झाला. टांगणे या अर्थाच्या ‘हँग’पासून ‘हँगल’ आणि त्यापासून ‘डँगल’ झाले असावे, असा त्याचा तर्क होता. सॅम्युअल जॉन्सन याने इ.स. १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात स्किनरच्या नावानिशी हीच व्युत्पत्ती नोंदविली. दोन्ही शब्दांचा अर्थ जवळचा, ध्वनीही जवळचा. त्यामुळे त्या काळी ही उपपत्ती पटण्याजोगी होती. परंतु ‘ह’चा ‘ड’ का व्हावा, इतर कोणत्या शब्दांत तसे झाले आहे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो प्रश्न विचारण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. सर विल्यम जोन्स यांनी इ.स. १७८६ मध्ये कलकत्त्यास दिलेल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे असे सुचविले होते. पुढे रास्मुस रास्क या डॅनिश पंडिताने इ.स. १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जुन्या नॉर्स भाषेच्या उगमाचा शोध घेताना भाषाभाषांतील ध्वनींचा संबंध नियमित असतो हे दाखविले, आणि इ.स. १८२२ मध्ये याकोब ग्रिम याने त्या नियमांची व्यवस्थित मांडणी केली. हाच रास्क इराणमार्गे इ.स. १८२० मध्ये मुंबईस आला होता. पारशी समाजाकडील अवेस्ता ग्रंथांची हस्तलिखिते त्याने मिळविली व पुढे ती कोपनहेगनला नेली. मुंबईच्या विद्याविषयक इतिहासातील हा प्रसंग तुलनात्मक भाषाशास्त्राच्या घडणीशी थेट निगडित आहे.

या नियमांच्या कसोटीवर स्किनरचा तर्क टिकत नाही. संस्कृतमधील काही शब्दांच्या आरंभीचा ‘श’ इंग्रजीत ‘ह’ म्हणून आढळतो : शत आणि ‘हंड्रेड’, श्वन् आणि ‘हाउंड’, शृंग आणि ‘हॉर्न’. याच नियमाने ‘हँग’चे नाते संस्कृत ‘शङ्क्’ या धातूशी जुळते. त्या धातूचा जुना अर्थ डळमळणे, कचरणे असा असून आपला ‘शंका’ हा शब्द त्यापासून आला आहे. मराठीत आपण ‘जीव टांगणीला लागला’ म्हणतो, त्या कल्पनेतील शंका आणि टांगणे यांचे साहचर्य भाषाकुलाच्या फार जुन्या थरापर्यंत पोचते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘डँगल’चा मात्र या कुळाशी संबंध नाही.

त्याचे आप्त उत्तर समुद्राच्या पलीकडे आढळतात. डॅनिशमधील ‘डांगले’, स्वीडिश व नॉर्वेजियन भाषांतील ‘डांगला’ आणि उत्तर फ्रिजियन बोलीतील ‘डांगेल्न’ ही रूपे अर्थाने व घडणीने ‘डँगल’शी जुळतात. शिवाय स्वरभेदाने ‘डिंगला’ असे रूप स्वीडिश व आइसलँडिकमध्ये आहे. इंग्रजीत ‘सिंग’ व ‘सँग’ यांत जसा स्वर बदलतो तसाच हा बदल होय. इंग्रजीने ही दोन्ही रूपे एकत्र करून ‘डिंगल-डँगल’ असा द्विरुक्त शब्दही घडविला. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली तयार झालेल्या ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक कोशातील ‘ड’ या अक्षराचा भाग इ.स. १८९७ पर्यंत पूर्ण झाला. त्यात ‘डँगल’चे हे उत्तरेकडील नाते नोंदविले आहे व आजचे कोशकारही सामान्यतः तेच मानतात.

शब्दाच्या शेवटी असलेला ‘ल’ हाही अर्थपूर्ण आहे. इंग्रजीत तो पुनःपुन्हा होणारी लहान क्रिया दर्शवितो. ‘स्पार्क’पासून ‘स्पार्कल’, ‘क्रॅक’पासून ‘क्रॅकल’, ‘वेड’पासून ‘वॉडल’ ही त्याची उदाहरणे होत. मराठी हेच काम बहुधा द्विरुक्तीने करते : लुकलुकणे, थरथरणे, चमचमणे. म्हणजे ‘डँगल’मध्ये केवळ टांगलेपणा नसून एकसारखे हलत राहणे शब्दाच्या घडणीतच अंतर्भूत आहे. जॉन्सनने पहिला अर्थ देताना सैलपणाबरोबर थरथरीचा उल्लेख केला आहे तो यामुळेच.

प्रथम नोंद आणि शब्दाचे वय

येथे एक ऐतिहासिक अडचण उभी राहते. इंग्लंडवर स्कँडिनेव्हियन लोकांचे आक्रमण इ.स. ७९३ मधील लिंडिसफार्नच्या मठावरील हल्ल्यापासून प्रसिद्ध आहे. इ.स. ८६५ मध्ये त्यांचे मोठे सैन्य उतरले. आल्फ्रेड व गुथरम यांच्यातील तहानंतर पूर्व व उत्तर इंग्लंडचा मोठा भाग डॅनिश अंमलाखाली राहिला. इ.स. १०१६ ते १०३५ या काळात क्नूट हा डॅनिश राजाच इंग्लंडच्या गादीवर होता. या संपर्कातून ‘स्काय’, ‘एग’, ‘विंडो’, ‘नाइफ’, ‘लॉ’, एवढेच नव्हे तर ‘दे’ हे सर्वनामही इंग्रजीत आले. ग्रिम्सबी, डर्बी, व्हिटबी या गावांच्या नावांतील ‘बी’ म्हणजे डॅनिश वस्तीच होय. परंतु ‘डँगल’ लेखी इंग्रजीत दिसतो तो यानंतर पाच-सहा शतकांनी. मग तो या संपर्कातून आला असे म्हणता येईल काय?

याचे उत्तर शोधताना लेखनाचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. इ.स. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दरबारची भाषा फ्रेंच व चर्चची लॅटिन झाली. पुढे इंग्रजी लेखनाला प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः लंडन परिसरातील बोलीला. विल्यम कॅक्स्टन याने इ.स. १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढल्यावर हा कल पक्का झाला. त्यानेच इ.स. १४९० मधील एका प्रस्तावनेत एक बोलका प्रसंग नोंदविला आहे. थेम्स नदीत वाऱ्याअभावी अडकलेल्या व्यापाऱ्यांपैकी एकाने किनाऱ्यावरील घरात अंडी मागितली. त्याने उत्तरेकडचा ‘एग’ हा शब्द वापरला. घरच्या बाईला दक्षिणेकडचा ‘आयरेन’ हा शब्दच ठाऊक होता. आपल्याला फ्रेंच येत नाही असे तिने त्याला सांगितले. अंड्यासारख्या रोजच्या वस्तूची ही स्थिती, तर लोंबकळण्याच्या क्रियेचा बोलीतील शब्द शतकानुशतके कागदावर न येणे अस्वाभाविक नाही.

दुसराही मार्ग संभवतो. हल, बोस्टन, लिन या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांचा उत्तर समुद्रापलीकडील बंदरांशी व्यापार चालू होता. हान्सा व्यापारी संघाचे लंडनमधील ठाणे राणी एलिझाबेथने इ.स. १५९८ मध्ये बंद करविले, तोपर्यंत तेथे उत्तर जर्मन व्यापाऱ्यांचा राबता होता. बंदरावर दोर, पाल, माल टांगण्याची भाषा सहज हस्तांतरित होते. वसाहत आणि व्यापार या दोन्ही मार्गांपैकी कोणताही धरला तरी शब्द आणणारे लोक शेतकरी, खलाशी, हमाल असेच होते, पंडित नव्हते.

मग तो सोळाव्या शतकाच्या अखेरीसच का उमटावा? या काळात बोलभाषेला कागदावर आणणारे एक नवे माध्यम उदयास आले होते. इ.स. १५७६ मध्ये लंडनमध्ये ‘द थिएटर’ ही नाट्यगृहाची इमारत उभी राहिली. नाटके छापली जाऊ लागली. माळी, हमाल, कबर खोदणारे रंगभूमीवर बोलू लागले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही छापले गेले. प्रथम नोंदीचे वर्ष हे शब्दाच्या जन्माचे वर्ष नसून लेखनाने त्याची दखल घेतल्याचे वर्ष असते, ही गोष्ट येथे स्पष्ट होते.

जर्दाळूची फांदी आणि दरबार

शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड दुसरा’ या नाटकात हा शब्द एका माळ्याच्या तोंडी येतो. नाटक इ.स. १५९५ च्या सुमारास लिहिले गेले व १५९७ मध्ये छापले गेले. तिसऱ्या अंकातील बागेच्या प्रवेशात माळी आपल्या माणसाला लोंबणारे जर्दाळू बांधून घेण्यास सांगतो. बेलगाम मुलांनी बापाला वाकवावे तशी ही फळे फांदीला वाकवीत आहेत, असे तो म्हणतो. संवाद पुढे सरकतो तसे बाग म्हणजे राज्य हे रूपक उघड होते. राजाने वेळीच छाटणी केली नाही म्हणून आश्रितांच्या भाराने राज्य वाकले, असा त्याचा आशय आहे. म्हणजे या शब्दाच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांपैकी एकात तो राजकीय आश्रितपणाच्या चर्चेला जोडलेला आहे.

या नाटकाचा पुढील इतिहासही प्रस्तुत विषयाशी सुसंगत आहे. अर्ल ऑफ एसेक्स हा राणी एलिझाबेथचा एके काळचा अत्यंत मर्जीतला सरदार. परदेशी गोड मद्यावरील जकातीचा मक्ता हा त्याच्या उत्पन्नाचा प्रमुख आधार होता. इ.स. १६०० मध्ये मक्त्याची मुदत संपली आणि राणीने तो पुन्हा दिला नाही. कर्जात बुडालेल्या एसेक्सने फेब्रुवारी १६०१ मध्ये बंडाचा प्रयत्न केला. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ७ फेब्रुवारीला, त्याच्या अनुयायांनी ग्लोब नाट्यगृहातील मंडळींना नेहमीच्या उत्पन्नावर ४० शिलिंग अधिक देऊन राजा पदच्युत होण्याचे नाटक करावयास लावले. ते शेक्सपिअरचेच होते असे बहुतेक अभ्यासक मानतात. बंड फसले व २५ फेब्रुवारीला एसेक्सचा शिरच्छेद झाला. एवढा मोठा सरदारही अखेर एका व्यक्तीच्या मर्जीच्या धाग्याला लोंबत होता, हे या घटनेने दाखविले.

कोशकारांच्या नोंदीनुसार याच सुमारास, इ.स. १६०० च्या आसपास, ‘डँगल’ला माणसाचा अर्थ चिकटला : एखाद्याच्या मागेपुढे करणे, त्याच्या आश्रयाला लटकून राहणे. त्यानंतर १६१० च्या दशकात शब्द सकर्मक झाला आणि दुसऱ्यापुढे काही लोंबते धरणे, हलवीत ठेवणे हा अर्थ आला. मराठीत ज्याला आपण ‘गाजर दाखविणे’ म्हणतो तो पुढे रूढ झालेला आशय याच रूपातून विकसित झाला. या क्रमाकडे पाहिले म्हणजे प्रथम फळ लोंबते, मग माणूस लोंबतो, आणि शेवटी लोंबविणारा हात दृष्टीस पडतो.

प्रतिष्ठित शब्द आणि उपहासाचा शब्द

लोंबण्याच्या कल्पनेतून अवलंबनाची कल्पना निघणे हे एकट्या ‘डँगल’चे वैशिष्ट्य नाही. लॅटिनमधील टांगणे-लोंबणे या अर्थाच्या धातूपासून इंग्रजीत ‘डिपेंड’, ‘सस्पेंड’, ‘पेंडिंग’ असे शब्द आले. संस्कृत ‘लम्ब्’ धातूपासून मराठीत लोंबणे व लांब हे शब्द आले, तसेच अवलंबून, विलंब, प्रलंबित, निलंबित हेही. ‘पेंडिंग’ला प्रलंबित आणि ‘सस्पेंड’ला निलंबित हे प्रशासकीय मराठीतील प्रतिशब्द किती चपखल आहेत, हे या दोन धातूंच्या तुलनेने ध्यानात येते. कचेरीतील प्रलंबित अर्ज आणि झाडावर लोंबणारे फळ यांचे मूळ दोन्हीकडे एकच आहे.

इंग्रजीत मात्र एक वेगळी वाटणी झाली. कायदा, वारसा, राज्यकारभार यांसाठी लॅटिन कुळातील शब्द ठरले. ‘डिपेंडंट’ म्हणजे आश्रित. या शब्दात हीनपणा असलाच तरी तो झाकलेला आहे. ‘डँगलर’ म्हणताच तोच माणूस हास्यास्पद होतो. फाशीच्या बाबतीतही हीच वाटणी दिसते. न्यायालयाच्या शिक्षेची भाषा ‘हँग’ची. त्या शिक्षेपुरते भूतकाळाचे ‘हँग्ड’ हे जुने रूप कायद्याने जपले आणि इतर सर्व टांगण्यांसाठी ‘हंग’ रूढ झाले. रस्त्यावर मात्र फाशी गेलेल्याबद्दल ‘डँगल’ वापरले जाई. लंडनमधील टायबर्न येथे इ.स. १७८३ पर्यंत आणि इंग्लंडमध्ये इतरत्र १८६८ पर्यंत फाशी जाहीर रीत्या दिली जात असे. तेव्हा हा शब्द ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष चित्र असणार.

जॉन्सन, शेरिडन आणि आश्रयपद्धतीचा उतार

जॉन्सनने ‘डँगल’चा दुसरा अर्थ एखाद्याला लटकून राहणे, त्याचा विनम्र अनुयायी असणे असा दिला आणि ‘डँगलर’ म्हणजे केवळ वेळ घालविण्यासाठी स्त्रियांभोवती घुटमळणारा पुरुष, असे सांगितले. या नोंदी लिहिणाऱ्याला ती स्थिती परकी नव्हती. इ.स. १७४६ मध्ये पुस्तकविक्रेत्यांशी १५०० गिनींचा करार करून त्याने कोशाचे काम घेतले आणि १७४७ मध्ये कोशाचा आराखडा लॉर्ड चेस्टरफील्डला उद्देशून प्रसिद्ध केला. अपेक्षित साहाय्य मिळाले नाही. काम पूर्ण होत आल्यावर, १७५४ च्या अखेरीस, चेस्टरफील्डने कोशाची स्तुती करणारे दोन लेख लिहिले. तेव्हा ७ फेब्रुवारी १७५५ च्या पत्रात जॉन्सनने सात वर्षांपूर्वी आपण त्याच्या बाहेरच्या दालनात ताटकळत होतो, दारावरून परतविले गेलो होतो, याची आठवण करून देऊन त्याचे ऋण नाकारले. कोशातील ‘पेट्रन’ या शब्दाच्या नोंदीत त्याने आश्रयदात्याचा उद्दामपणा आणि त्याला मिळणारी खुशामत या दोहोंचा कडवट उल्लेख केला आहे.

तथापि यावरून जॉन्सन आश्रयपद्धतीतून पूर्णतः मुक्त झाला असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. राजाश्रयाच्या निवृत्तिवेतनाची कोशात हेटाळणी करणाऱ्या जॉन्सनने इ.स. १७६२ मध्ये वार्षिक ३०० पौंडांचे असे वेतन स्वीकारले. पुस्तकविक्रेत्यांची बाजारपेठ लेखकाला नवा आधार देत होती, पण जुना आधार अजून सुटला नव्हता. या संक्रमणकाळाची खूण ‘डँगल’च्या नोंदीत उमटली आहे.

रिचर्ड शेरिडनच्या ‘द क्रिटिक’ या प्रहसनाने या शब्दाला विशेषनामच केले. ३० ऑक्टोबर १७७९ रोजी ड्रुरी लेन येथे प्रथम सादर झालेल्या या नाटकात मिस्टर डँगल हा नाट्यवेडा गृहस्थ आहे. फ्रान्स-स्पेनच्या संयुक्त आरमाराने त्या उन्हाळ्यात इंग्लंडवर स्वारीचे भय निर्माण केले होते. अशा वेळी हा गृहस्थ वर्तमानपत्रातील आरमाराच्या बातम्या बाजूला सारून नाटकाच्या बातम्या शोधतो. नाटककार, गायक, नट त्याच्याकडे शिफारशीसाठी खेटे घालतात आणि त्याची पत्नी घरातील या वर्दळीला कंटाळली आहे. तो स्वतः रंगभूमीला लटकलेला आणि इतर लोक त्याला लटकलेले, अशी ही साखळी आहे. आश्रयदाता व आश्रित यांच्यातील अंतर येथे मिटते व दोघेही हास्याचा विषय होतात. एसेक्सच्या काळी जी गोष्ट शिरच्छेदापर्यंत पोचली ती पावणेदोन शतकांनी प्रहसनाचे साहित्य झाली, हा बदल अर्थपूर्ण आहे.

अर्वाचीन प्रयोग

विसाव्या शतकात या शब्दाला पारिभाषिक अर्थ मिळाले. व्याकरणात, वाक्यातील कर्त्याशी संबंध न जुळणाऱ्या कृदंताला ‘डँगलिंग’ म्हणतात. संगणकशास्त्रात, स्मृतीतील जागा मोकळी केल्यावरही तिच्याकडे निर्देश करीत राहणाऱ्या दर्शकाला हेच विशेषण लावतात. हेरगिरीत, शत्रूच्या यंत्रणेने आपणहून उचलावा म्हणून पुढे केलेला बनावट फितूर म्हणजे ‘डँगल’. पहिल्या दोन प्रयोगांत आधार नाहीसा झाल्याची कल्पना आहे, तर तिसऱ्यात आमिष धरणारा हात आहे. तिन्हींची बीजे सतराव्या शतकाच्या आरंभीच पडली होती.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील गोष्टी दिसून येतात. एक, ‘डँगल’ हा ‘हँग’चा अपभ्रंश नसून त्याचे नाते स्कँडिनेव्हियन व फ्रिजियन बोलींशी आहे. दोन, लेखी पुराव्यातील त्याचे उशिरा येणे हे शब्दाच्या नवेपणापेक्षा बोलणाऱ्यांच्या सामाजिक स्थानाचे निदर्शक आहे. तीन, आश्रितपणाची कायदेशीर बाजू इंग्रजीने लॅटिन शब्दांनी सांगितली, पण दारात ताटकळणाऱ्याला तो कसा दिसतो व इतरांना कसा दिसतो, हे सांगण्याचे काम या बोलीतील शब्दाकडे आले. सनदा व करारनामे यांतून आश्रयपद्धतीचे नियम कळतात; तीतील मानहानी कळण्यासाठी अशा शब्दांकडे वळावे लागते.

याच दिशेने मराठी शब्दांचाही अभ्यास होऊ शकेल. ‘उमेदवार’ या फारसीतून आलेल्या शब्दाचा मूळ अर्थ आशा बाळगणारा असा आहे. नेमणुकीच्या आशेने कचेरीत विनावेतन राबण्यास ‘उमेदवारी करणे’ म्हणत, आणि आज तोच शब्द निवडणुकीला उभे राहणाऱ्याला लावला जातो. आशेने ताटकळणाऱ्यापासून मते मागणाऱ्यापर्यंतचा हा प्रवास दप्तरांतील कागदपत्रांच्या आधारे तपासला गेल्यास महाराष्ट्रातील आश्रय व नोकरी यांच्या इतिहासात मोलाची भर पडेल.